साऊथ सुदानला यूएन मिशनवर निघालेल्या जवानाच्या घरच्यांसाठी

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला, लगेच लिहायला घेतलं होतं पण अर्ध्यात सोडलं, आज शेतातून आल्यावर परत बसलोय. तुम्ही लिहिलंय की मिस्टरांच्या युनिटचं साऊथ सुदानला जायचं नक्की झालंय, वर्षभराचं मिशन, ते ट्रेनिंगला गेलेत, घरी सासू-सासरे आणि साडेचार वर्षांचा मुलगा. आणि तीन गोष्टी विचारल्यात. धोका किती, सोबत काय द्यायचं, आणि शेवटी एका ओळीत, की तुमच्या आळीतले एक जण काँगोहून आल्यापासून नीट बोलतच नाहीत, आमच्याकडं पण तसंच होईल का. पहिल्या दोन्हीची उत्तरं द्यायला भरपूर लोक आहेत, मी खरं तर तिसऱ्यासाठी लिहितोय, पण पहिल्या दोन्हीतून गेल्याशिवाय ती कळणार नाही म्हणून जरा लांबेल.

मी तिथं २०१३ च्या मध्यापासून २०१४ च्या मध्यापर्यंत होतो, जोंगलेई राज्यात, जास्त करून बोर या गावी. युनिटचं नाव लिहीत नाही. आता रिटायर आहे, खटाव तालुक्यात घर आहे.

धोका नाही असं मी सांगणार नाही, तुम्ही बातम्या वाचल्यात म्हणजे तुम्हाला माहितीच आहे. आम्ही जायच्या आधीच, ९ एप्रिल २०१३ ला, गुमुरुकच्या जवळ यूएनच्या गाड्यांच्या ताफ्यावर हल्ला झाला होता, एस्कॉर्टला आपले जवान होते, लेफ्टनंट कर्नल महिपाल सिंग आणि त्यांच्याबरोबर चार जण गेले, शिवाय ताफ्यातले यूएनचे सिव्हिलियन लोक. आम्ही त्याच जोंगलेईत चाललो होतो. माझ्या बायकोनं ती बातमी टीव्हीवर खाली पट्टीत वाचली होती आणि मला दाखवलीच नाही, मला माहिती होती आणि मी तिला सांगितली नव्हती. असे दोघंही गप्प राहून आम्ही दोन महिने काढले. तुम्ही असं करू नका, जे वाचलंय ते त्यांच्यासमोर बोलून टाका, निघायच्या आधी.

पण वर्षाचे सगळे दिवस तसे नसतात, हेही तितकंच खरं आहे. बहुतेक दिवस पेट्रोलिंग, गेट ड्युटी, एस्कॉर्ट, गाड्यांची देखभाल, पाणी आणि चिखल. मे महिन्यात तिथं पाऊस सुरू होतो तो ऑक्टोबरपर्यंत, काही ठिकाणी नोव्हेंबरपर्यंत. जमीन कशी आहे सांगू, आपली कापसाची काळी माती असते ना मराठवाड्यातली, अगदी तशी, सुकली की हाताएवढ्या भेगा आणि भिजली की बुटाला एक एक किलोचा गोळा. रस्ता म्हणून जे काही असतं ते बंदच होतं, मग हेलिकॉप्टर नाहीतर नाईल नदीतून बार्ज, म्हणजे सपाट तळाची मालवाहू बोट. आपल्या गाड्या तिथं अशा रुतायच्या की दोन दिवस एकाच जागी. शेतकऱ्याची पोरं होती ती पहिल्या दिवशी जमीन बघूनच म्हणाली की पावसात इथनं गाडी जात नाही, आणि नाहीच गेली.

आणि ज्वारी. तिथले लोक ज्वारीच खातात ताई. तिला दुरा म्हणतात, पीठ आंबवून पातळ आंबोळीसारखं करतात त्याला किसरा म्हणतात, नाहीतर घट्ट शिजवून गोळा. मी पहिल्यांदा बाजारात ज्वारीचा ढीग बघितला तेव्हा मला आईचं जातं आठवलं. गावातली बारकी पोरं आम्हाला बघून 'खवाजा, खवाजा' करत मागं पळायची, म्हणजे बाहेरचा माणूस, मग दुसरा शब्द 'मोया', म्हणजे पाणी. मोया हा मी तिथं शिकलेला पहिला शब्द, आणि तोच अजून कानात आहे.

जनावरांबद्दल मात्र मला थोडं जास्त लिहू द्या, पुढं त्याचा संबंध आहे. डिंका, नुएर, मुर्ले ही तिथली माणसं, आणि सगळ्यांचा जीव गुरांवर. डिंका पोरगा वयात आला की त्याला एक बैल मिळतो, त्या बैलाच्या रंगावरनं त्या पोराला नाव पडतं, तो त्याच्यावर गाणी रचतो, शिंगं वळणदार यावीत म्हणून कोवळी असतानाच त्यांना वळण लावतो, टोकाला गोंडे बांधतो. शेणी जाळून त्याची राख अंगाला फासतात, स्वतःच्या आणि गुरांच्या पण, माश्या डासांसाठी. लग्न ठरतं ते किती गुरं देणार यावर. आणि म्हणूनच गुरं पळवण्यावरनं मारामाऱ्या होतात, पूर्वी भाल्यानं व्हायच्या आता एके-४७ नं होतात, एका धाडीत शेकड्यानं गुरं जातात आणि माणसं पण. आपल्या आर्मीचे जनावरांचे डॉक्टर पण तिथं असतात, आणि मी बघितलंय की बाकी कुणाशी न बोलणारा माणूस गायीला इंजेक्शन दिल्यावर आपल्या डॉक्टरचा हात दोन्ही हातात घेऊन उभा राहायचा.

आता डिसेंबर. १५ डिसेंबर २०१३ ला राजधानी जुबात त्यांच्याच सैन्यात आपापसात गोळीबार सुरू झाला आणि तीन दिवसात बोर पेटलं. पुढच्या महिनाभरात ते गाव चार वेळा या हातातून त्या हातात गेलं. १९ तारखेला अकोबोला आपल्या छोट्या पोस्टवर जमाव चालून आला, आत आसऱ्याला आलेली माणसं त्यांना पाहिजे होती, सुभेदार धर्मेश संगवान आणि सुभेदार कुमार पाल सिंग तिथं शहीद झाले. आम्हाला बोरला ते रेडिओवर कळलं आणि त्याच वेळी आमच्या गेटवर माणसांची रांग लागलेली होती. रांग कसली, लोंढा. डोक्यावर गादी, हातात पातेलं, पाठीला मूल, एकाच्या हातात फक्त खुर्ची होती, प्लास्टिकची. गेट उघडलं. हजारो माणसं त्या कॅम्पात आली जो काही शे माणसांसाठी बांधला होता.

माझी ड्युटी पाण्यावर लागली. टँकर आणि नळ. लाईन लावायची, भांडी मोजायची, कुणाला किती. रात्री बाहेर फायरिंग चालू आणि आत पिवळे कॅन घेऊन बायका बसलेल्या, बोलत नाहीत, नुसत्या बसलेल्या. एक म्हातारी रोज माझ्याच लाईनीत यायची, तिच्याकडं कॅन नव्हता, तुपाचा रिकामा डबा होता आपल्याच मेसमधला, त्यात दोन तांबे पण मावत नव्हते. ती भरून घ्यायची, बाजूला जाऊन कुणालातरी पाजायची आणि परत लाईनीच्या शेवटी उभी राहायची. मला तिला पुढं घ्यायचं होतं पण एकीला घेतलं की लाईन मोडते, आणि लाईन मोडली की लहान पोरं चेंगरतात, हे आम्ही पहिल्याच दिवशी बघितलं होतं. म्हणून मी तिला पुढं घेतलं नाही. आमच्यातल्या एकानं चौथ्या दिवशी स्वतःचा जेरीकॅन तिला दिला. ते मला का सुचलं नाही याचं उत्तर माझ्याकडं अजून नाही.

मग एप्रिल. १७ एप्रिल २०१४ ला बोरच्या आमच्या कॅम्पवर जमाव आला, निवेदन द्यायचंय म्हणत, आणि आत घुसून आसऱ्याच्या लोकांवर गोळ्या चालवल्या. आपल्या लोकांनी उलट फायर केला म्हणून ते मागं हटले, पण तोवर पन्नासच्या आसपास माणसं गेली होती. त्या दिवसाबद्दल मी एवढंच लिहितो. पुढच्याच महिन्यात सुरक्षा परिषदेनं ठराव करून त्या मिशनचं पहिलं काम नागरिकांचं संरक्षण असं ठरवलं. तुमचे मिस्टर जातायत ते याच कामाला. म्हणून कुणी तुम्हाला म्हणालं ना की यूएन म्हणजे पिकनिक आणि डॉलर, तर त्यांच्याशी वाद घालू नका पण मनावर पण घेऊ नका.

डॉलरचं पण सांगून टाकतो, कारण यावरनं घरात भांडणं झालेली मी बघितलीत. लोक ऐकतात की माणशी महिन्याला हजारावर डॉलर. तो आकडा यूएन सरकारला भरपाई म्हणून देतं, २०१४ पर्यंत तो १,०२८ डॉलर होता, नंतर वाढला. तो जवानाच्या हातात येत नाही. यूएनकडनं जवानाच्या हातात रोजचे १.२८ डॉलर, आणि सुट्टीच्या दिवसांचे थोडे वेगळे. बाकी आपला पगार चालू राहतो आणि सरकारच्या नियमाप्रमाणं परदेशाचा भत्ता मिळतो, तो चांगला असतो, वर्षभरात बऱ्यापैकी शिल्लक पडते, पण सासरच्या नात्यातल्या कुणाला आत्तापासून ट्रॅक्टरच्या हप्त्याचा शब्द देऊन ठेवू नका. जॉईंट खातं आहे का बघा, एटीएम तुमच्याकडं ठेवा, नॉमिनीचं नाव बरोबर आहे का ते ते जायच्या आधी त्यांच्याकडनंच तपासून घ्या, हे बोलायला जड जातं पण बोला. आणि युनिटचं जे रिअर मागं राहतं त्यांचा नंबर लिहून भिंतीवर लावा, सासऱ्यांना पण दिसेल असा.

सोबत काय द्यायचं ते सोपं आहे. खायला रेशन भरपूर असतं, आपलेच कुक असतात, भात डाळ चपाती मिळते, फ्रोजन चिकनचा कंटाळा येतो इतकं असतं. जे मिळत नाही ते द्या. शेंगदाण्याची चटणी, कोरडी, लसणाची पण. भाजणी. मेतकूट. लोणचं नको, डबा फुटला की सगळी बॅग जाते, आमच्याकडं एकाचा युनिफॉर्म गेला होता. यलो फिव्हरचं इंजेक्शन निघायच्या किमान दहा दिवस आधी झालेलं पाहिजे आणि त्याचं पिवळं कार्ड जपून, येताना पण लागतं. मलेरियाची गोळी ते घेतायत का हे फोनवर विचारत राहा, दोन महिन्यांनी सगळे कंटाळतात आणि सोडतात, आणि तिथला मलेरिया फार वाईट. मुलाच्या हातानं काढलेलं काहीतरी द्या, कागदावर, लॅमिनेट करून. फोटो मोबाईलमध्ये असतातच पण कंटेनरच्या भिंतीला लावायला काहीतरी पाहिजे.

फोनचं. आत्ता तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं आहे, म्हणजे ते रात्री आठला मोकळे झाले की तुमच्याकडं साडेअकरा. पोरगा झोपलेला असणार. म्हणून रविवारचा एक दुपारचा फोन मुलासाठी ठरवून घ्या. आणि एक गोष्ट नक्की ठरवा, की दोन-तीन दिवस फोन नाही आला तर ते नेटवर्क असू शकतं, किंवा ते पेट्रोलला लांब गेलेले असू शकतात. माझ्या घरी डिसेंबरमध्ये सलग काही दिवस फोन नव्हता, बायको रोज रात्री मोबाईल उशाशी घेऊन बसायची आणि कुणाला विचारायचं तेच तिला माहिती नव्हतं, कारण रिअरचा नंबर मी दिलाच नव्हता. म्हणून वर भिंतीवर लावा म्हटलं.

आता तुमचा तिसरा प्रश्न. मी परत आलो तेव्हा मी पण बोलत नव्हतो. रागावलेलो नव्हतो, दारू वगैरे काही नाही, नुसतं बोलायला काही सापडत नव्हतं. आमच्याकडं दुष्काळी भाग, पुढच्या उन्हाळ्यात टँकर आला, बायका हंडे कळशा घेऊन धावल्या, ढकलाढकली झाली, आणि मी तिथनं निघून थेट घरामागं जाऊन बसलो. बायकोला वाटलं मला पाणी आणायची लाज वाटते. मी काहीच सांगितलं नाही. असे बरेच गैरसमज साचत गेले आमच्यात.

पण त्याच्या आधी एकदा मात्र मी बोललो होतो, आणि ते आमच्या वडिलांमुळं. पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत बैलबाजार भरतो, मी आलो त्या वर्षी आम्ही दोघं गेलो होतो. खिलार बघता बघता त्यांनी सहज विचारलं, तिकडची जनावरं कशी असत्यात रं. बाकी कुणी असं विचारलंच नव्हतं, सगळ्यांनी विचारलं होतं किती मारले, किती पैसे मिळाले. मी त्यांना शिंगं सांगितली, गोंडे सांगितले, राख सांगितली, पोराला बैलाच्या रंगाचं नाव देतात ते सांगितलं, ते ऐकत होते आणि मधेच विचारत होते, दूध किती देत्यात, वैरण काय, पावसात कुठं बांधत्यात. दोन तास बोललो असेन. ते सांगता सांगताच ती म्हातारी आणि तो तुपाचा डबा माझ्या तोंडून निघाला, मला कळलं पण नाही कधी. वडील काही म्हणाले नाहीत, पुढं चालत राहिले, थोड्या वेळानं रसाच्या दुकानात बसवलं.

बायकोला मी हे पाच वर्षांनी सांगितलं. ती म्हणाली मला तेव्हाच का नाही सांगितलंस. तिनं विचारलं होतं, पण तिनं 'काय झालं तिकडं' असं विचारलं होतं, आणि त्या प्रश्नाला मला सुरुवातच सापडायची नाही.

म्हणून ताई, ते आले की पहिले पंधरा दिवस काही विचारू नका, झोपू द्या. मग विचारा तर बारकं विचारा. तिथं भाकरी कशी करतात, पोरं काय खेळतात, चिखलात गाडी कशी काढलीत, शेजारच्या कॉटवर कोण होतं. आणि ऐकताना काम करत राहा, भाजी निवडत, समोर तोंडाकडं बघत बसू नका. झोप लागत नसेल, दचकून उठत असतील, महिना दोन महिने झाले तरी जेवणावर लक्ष नसेल, तर युनिटच्या डॉक्टरला किंवा एमएचला, म्हणजे मिलिटरी हॉस्पिटलला दाखवा, त्यात कमीपणा नाही, आमच्यातले दोघं गेले आणि दोघांना फरक पडला. तुमच्या आळीतले ते काँगोचे आहेत ना, ते भेटले तर त्यांना पण विचारून बघा, तिकडं शेतात काय पेरतात म्हणून.

निघायची तारीख कळली की इथं लिहा. बोर किंवा मलाकालला पोस्टिंग असेल तर त्या कॅम्पात पावसाळ्याच्या आधी काय काय भरून घ्यायचं ते वेगळं सविस्तर लिहून देतो, आणि भाजणी किती टिकते ते तुमच्या वहिनीला विचारून सांगतो, तिनं पाठवलेली सात महिने चांगली राहिली होती.