मागच्या बाजूचा बारीक मजकूर

प्रिय मुली,

तुझा मेसेज आला त्याच रात्री उत्तर लिहायला बसलो होतो. मग वाटलं, सोबतची प्लेलिस्ट तरी आधी ऐकावी. त्यात चार दिवस गेले, म्हणून हा उशीर. यादी वाईट नाही. पण तिसाव्या ट्रॅकपर्यंत येईस्तोवर मला शंका यायला लागली, की हे सगळं एकाच माणसाने एका दुपारी बसून केलंय. तोच दूरवर घुमणारा पियानो, तीच टेपची खरखर, मधूनमधून तोच पाऊस. तू लिहिलंयस, "काका, मी इतकं शोधते तरी सगळं सारखंच कसं सापडतं?" अगं, तू शोधतेस कुठे? तू पानावर बसली आहेस आणि कुणीतरी वाढतंय. मागच्या वेळी काय संपवलंस ते बघून तेच पुन्हा वाढतंय.

त्या गाण्यांच्या ॲपवर, स्पॉटिफायवर, मी डूख धरलेला नाही, मीही ते वापरतो. पण तू ज्याच्या मागे आहेस ते आडवाटेचं, प्रयोग करणारं संगीत त्याच्या हिशेबात बसत नाही. स्पॉटिफायने २०२४ पासून नियमच केला, की मागच्या बारा महिन्यांत निदान १००० वेळा ऐकला न गेलेल्या ट्रॅकला रेकॉर्डिंगच्या रॉयल्टीतला वाटा नाही. आता साठ प्रतींची कॅसेट काढणाऱ्या एखादीचं गणित मांड. साठच्या साठ संपल्या, त्यातल्या चाळीस जणांनी त्या टेप झिजेपर्यंत वाजवल्या, तरी त्याची नोंद कुठल्या यंत्रात होणार? तिच्या वर्तुळात ती कॅसेट गाजलेली असते आणि तुझ्या फोनच्या लेखी ती जन्मालाच आलेली नसते.

म्हणून आधी एवढंच कर. आवडलेल्या कुठल्याही एका रेकॉर्डची मागची बाजू वाच. पुढे कलाकाराचं नाव असतं, ते सगळेच वाचतात. मागे मुंगीएवढ्या अक्षरात बाकीचं असतं: रेकॉर्डिंग कुणी केलं, मास्टरिंग कुणाचं, चित्र कुणाचं, लेबल कोणतं (म्हणजे रेकॉर्ड कुणी काढली), कॅटलॉग नंबर काय (त्या लेबलची ही कितवी). मी बरीच वर्षं हा मजकूर औषधाच्या बाटलीवरच्या मजकुरासारखा सोडून देत होतो. मग एकदा घरातल्या रेकॉर्ड पुसून लावताना लक्षात आलं, की एकमेकींशी काडीचाही संबंध नसलेल्या रेकॉर्डच्या मागे एकच नाव पुन्हा पुन्हा येतंय: राशाद बेकर. हा बर्लिनच्या डबप्लेट्स अँड मास्टरिंगमध्ये रेकॉर्ड कापायचा, म्हणजे ध्वनीची शेवटची जुळवाजुळव करून तो तबकडीच्या खाचेत उतरवायचा. नॉइजवाले, म्हणजे नुसत्या गोंगाटातून संगीत करणारे, त्याच्याकडे जायचे, टेक्नोवाले जायचे, आधी काहीच न ठरवता वाजवणारेही जायचे. त्या सगळ्यांना जो कान विश्वासाचा वाटतो, त्याच्या हाताखालून गेलेली अनोळखी रेकॉर्डही मी दहा मिनिटं ऐकून बघायला लागलो. बऱ्याचदा फसलो नाही. पुढे २०१३ मध्ये त्याची स्वतःची रेकॉर्ड पॅन या लेबलवर आली. तिच्यातले आवाज कुठल्या तरी न सापडलेल्या प्राण्यांच्या लग्नाच्या वरातीसारखे आहेत. माझ्या बायकोने दार लावून घेतलं, तूही घरात एकटी असतानाच लाव.

हा धागा ओढत जायला डिस्कॉग्स ही रेकॉर्डच्या नोंदींची वेबसाइट उत्तम. लोक त्याला आता जुन्या रेकॉर्डचा बाजार समजतात. २००० साली ते सुरू झालं तेव्हा त्यात फक्त इलेक्ट्रॉनिक संगीताची नोंद व्हायची, त्यामुळे आपल्या बाजूचं खोदकाम तिथे खोलवर झालेलं आहे. कुठल्याही नावावर टिचकी मार, त्या माणसाने आयुष्यात कुठे कुठे हात लावला ते उलगडतं. वाजवणारा म्हणून वेगळं, ध्वनिमुद्रक म्हणून वेगळं, मुखपृष्ठासाठी वेगळं.

क्रिस वॉटसनचं उदाहरण घे. शेफील्डच्या कॅबरे व्होल्तेअर या बँडच्या संस्थापकांपैकी हा एक. टेप, रिदम मशीन, करवतीसारखा कर्कश आवाज. १९८१ मध्ये त्याने बँड सोडला आणि पुढे निसर्गपटांसाठी आवाज टिपणारा म्हणून नाव काढलं. टच या लेबलवर त्याच्या ज्या रेकॉर्ड आहेत त्यांतल्या बहुतेकांत वाद्य नाही, आहेत जागा, प्राणी, वारा आणि बर्फ. कारखान्यासारखा खणखणणारा बँड ऐकणाऱ्या पोरीला कुठलंही सुचवणारं यंत्र रानातल्या पहाटेपर्यंत नेऊन सोडणार नाही, कारण दोन्ही आवाजांत साम्य शून्य. नावाचा माग काढलास तर दोन पावलांत पोचतेस. आणि एकदा पोचलीस की परत त्या बँडकडे जाऊन बघ, तिथल्या टेपच्या तुकड्यांतही तू जागा ऐकायला लागतेस. माझं तरी तसं झालं.

लेबल म्हणजे बहुतेक वेळा स्वयंपाकघरातल्या टेबलावरून पाकिटं पाठवणारा एक माणूस आणि त्याची आवड. म्हणून तुला एक गृहपाठ. एक छोटं लेबल निवड आणि कॅटलॉग नंबर एकपासून क्रमाने ऐक, आवडो न आवडो. सातव्या-आठव्या नंबरला त्या माणसाला कंटाळा आलेला कळतो. बाराव्याला काहीतरी नवीन सापडलेलं कळतं. कुणाची आवड बदलताना ऐकणं यात एक वेगळीच मजा आहे, ती यादी चाळून मिळत नाही.

बँडकँपवर, जिथे कलाकार आणि लेबलं आपलं संगीत थेट विकतात, तू आहेस, पण तू तिथे टॅग लावून फिरतेस. टॅग सोड, 'एक्स्पेरिमेंटल' या शब्दाखाली आता देवळाच्या दानपेटीसारखं काहीही पडलेलं असतं. त्याऐवजी तुला खरोखर हलवून गेलेल्या रिलीजच्या पानावर जा. तिथे विकत घेणाऱ्यांची छोटी छोटी चित्रं असतात. त्यांतल्या एकेकाचा संग्रह उघड. तुझ्याकडच्या तीन अगदी आडवाटेच्या गोष्टी ज्याच्याकडेही आहेत असा माणूस सापडेपर्यंत उघडत राहा. सापडला की त्याला फॉलो कर आणि त्याच्या संग्रहात महिनाभर मुक्काम ठोक. मला असा एक जण सापडलाय, त्याला मी नऊ वर्षं ओळखतो आणि त्याचं नावही मला माहीत नाही. चित्राच्या जागी टोपी घातलेली मांजर आहे.

एक व्यवहाराची गोष्ट. बँडकँप डिजिटल विक्रीतून साधारण १५ टक्के ठेवून घेतं. २० मार्च २०२० पासून त्यांनी ठरावीक शुक्रवारी हा वाटा सोडायला सुरुवात केली. त्या दिवशी लेबलं इतकं काढतात की नवीन काही ऐकायच्या भानगडीत पडू नकोस, आधी मनात धरून ठेवलेलं तेवढं विकत घे. आणि घेतलेलं उतरवून ठेव, दोन ठिकाणी. ही कंपनी २०२२ मध्ये एकाने घेतली, २०२३ मध्ये दुसऱ्याने. तुझा संग्रह दुसऱ्याच्या कपाटात ठेवू नये, इतकंच.

'नवीन काय' हा प्रश्न तू तीनदा विचारलायस, तर नवीन म्हणजे या आठवड्यात आलेलं, असं धरू नकोस. चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलंडचं टीआर-८०८ हे ठेक्याचं यंत्र आणि टीबी-३०३ व ज्युपिटर-८ हे सिंथेसायझर घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारा माणूस, नवं यंत्र हाताशी आलं आणि करून बघितलं. रेकॉर्ड निघाली, कुणी फारसं विचारलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जग चाट पडलं, कारण शिकागोतल्या ज्या नाचाच्या संगीताला पुढे ॲसिड हाउस म्हणू लागले त्याचीच गुरगुर इथे काही वर्षं आधी चालली होती. जगाच्या दृष्टीने ती नवीनच होती, अठ्ठावीस वर्षांची नवीन.

रेडिओचं थोडक्यात सांगतो. लंडनचं एनटीएस आणि जर्सी सिटीचं डब्ल्यूएफएमयू, दोन्ही घरबसल्या ऐकता येतात. कार्यक्रमाचा प्रकार बघू नकोस, निवेदक निवड आणि त्याच्याकडे नेमाने जा. जे वाजताना 'हे काय आहे' असं मनात येईल त्याचं नाव लगेच वहीत टिप. आवडलेलं नव्हे हं, खटकलेलं. आवडलेलं आपोआप परत भेटतं.

आता प्रत्यक्ष कार्यक्रम. इथे तू कचरतेस, आणि त्याबद्दल मला तुला रागवायचा हक्क नाही. माझ्या पहिल्या कार्यक्रमाला अकरा माणसं होती, वाजवणाऱ्यासकट. त्याने पत्र्याच्या तुकड्याला काँटॅक्ट माइक चिकटवला, म्हणजे हवेतला आवाज न घेता वस्तूची थरथर उचलणारा माइक, आणि पत्रा बोटाने हळूहळू वाकवायला लागला. विसाव्या मिनिटाला मी उठलो. आवाजामुळे नव्हे. माझा चेहरा आता कसा दिसायला हवा हे मला कळेना. बाहेर आलो, जिन्यावर बसून बुटाची नाडी बांधत होतो तेवढ्यात आतला आवाज थांबला आणि मग बराच वेळ, एक मिनिटभर असेल, कुणीच टाळी वाजवली नाही. ती शांतता मी दाराबाहेरून ऐकली. अजून चुकचुकतं.

जागेने संगीत घडतं, हे रेकॉर्डवरून नीटसं कळत नाही. टोकियोत २००० ते २००५ या काळात ऑफ साइट नावाची छोटी जागा होती, एका घरात. भिंती पातळ, शेजारी लगटून. मोठ्याने वाजवायची सोयच नव्हती. तिथे तोशिमारू नाकामुरा आवाज एकत्र करणाऱ्या मिक्सरचं आउटपुट त्याच्याच इनपुटमध्ये खोचून, बाहेरचा कुठलाही आवाज न घेता, नुसती त्याची स्वतःची कुणकुण वाजवायचा. साचिको एम सॅम्पलर, म्हणजे भरून ठेवलेले आवाजाचे तुकडे वाजवणारं यंत्र, घ्यायची, त्यात एकही सॅम्पल भरलेलं नसायचं, फक्त यंत्राच्या आतली शिटीसारखी साइन लहर. ताकू सुगिमोतो गिटारचा एक स्वर छेडून पुढच्या स्वराची वाट बघायला लावायचा. शेजाऱ्यांच्या झोपेपायी एक आख्खी शैली रुजली. या लोकांच्या रेकॉर्ड घरी लावल्या की प्रथम वाटतं स्पीकर बिघडलाय. त्या खोलीत बसलेल्यांना आपल्या शेजारच्याचं आवंढा गिळणंही ऐकू येत असणार.

तुझ्या आसपास असं काही होतच नाही, असं तू म्हणतेस. होत असणार, मोठ्या अक्षरात होत नसेल. रेसिडेंट ॲडव्हायझर या वेबसाइटवर क्लबच्या रात्री सापडतील, तीस खुर्च्यांचे कार्यक्रम क्वचित. पोस्टरवर खालून पहिलं नाव वाच, सगळ्यात आधी वाजवणारं, ते बहुधा गावातलंच असतं. त्या माणसाचा माग काढ, तो पुढच्या महिन्यात कुणाच्या तरी गच्चीवर वाजवत असतो. आयोजकाचं नाव शोध. तीन पोस्टरांवर तेच नाव दिसलं तर चौथं पोस्टर न वाचता जा. आणि काही जागा स्वतःच्या कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग करून तेच प्रसिद्ध करतात. लंडनच्या कॅफे ओटोचं ओटोरोकू हे लेबल तसंच. अशा जागी तू शिंकलीस तर तीही कॅटलॉगमध्ये जायची.

वेळेवर जा, पहिल्या सेटपासून. दारात डबा ठेवलेला असेल तर त्यात आधी टाक, जाताना विसरतं. कानात घालायला इअरप्लग कायम बॅगेत ठेव. यात हयगय चालणार नाही. कामाच्या जागेसाठी अमेरिकेतल्या नियॉश या संस्थेचं प्रमाण आहे: ८५ डेसिबलला आठ तास. तिथून दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला चार तास, आणि असं करत १०० ला पोचेपर्यंत उरतात १५ मिनिटं. एक नॉइज सेट साधारण त्याहून लांबच असतो. माझ्या डाव्या कानात रात्री एक बारीक सूर चालू असतो, तो साचिको एमचा नाही.

कार्यक्रम संपला की पळू नकोस. 'छान झालं' म्हणायलाही जाऊ नकोस, त्यावर समोरच्याला काही बोलता येत नाही. वायरी गुंडाळू लाग. नीट गुंडाळायच्या मात्र: एक वेटोळं सरळ, पुढचं आतून उलटं, पुन्हा सरळ. तशी गुंडाळली की वायरीला पीळ पडत नाही आणि पुढच्या वेळी फेकली की सळसळत सरळ उलगडते. कोपरावर दोरखंडासारखी गुंडाळलीस तर तुला कुणी काही बोलणार नाही, पण हातातून काढून घेतील. वाकून वायरी गोळा करताना माणसं जे बोलतात ते कुठे छापून येत नाही. कोण काय काढतंय, कुणाच्या घरी येत्या रविवारी काय आहे, कुणाची कॅसेट अजून चार शिल्लक आहेत.

मला अशीच एक मिळाली, दोन वर्षांपूर्वी, मिक्सरची पेटी उचलायला हात लावला म्हणून. पाकिटात घालून तुला पाठवतोय. दुसऱ्या बाजूला साधारण अकराव्या मिनिटाला कुणीतरी खुर्ची सरकवतं, तिथून पुढे नीट ऐक. कव्हरवर ना कलाकाराचं नाव ना लेबलचं. पेन्सिलने फक्त १७ लिहिलंय. आधीच्या सोळांपैकी मला अजून एकही सापडलेली नाही.

तुझा,
काका