खाटा भरलेल्या, तरी पगार का थकले?

पत्र थोडक्यात: "मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला दवाखान्याच्या बिलिंग आणि विमा विभागात काम करायचं आहे. पण कोरोनात आमच्या नातलगाचं 20 खाटांचं नर्सिंग होम भरलेलं असूनही तिथले पगार थकले होते. अशा क्षेत्रात तिला जाऊ द्यावं का?" – एक पालक, मानेवाडा, नागपूर

नमस्कार,

जाऊ द्या. तुमच्या नातलगांकडे जे झालं, ते नेमकं समजणारी माणसं दवाखान्यांना हवी आहेत, आणि ती सहजासहजी मिळत नाहीत.

छोट्या दवाखान्याचा खरा पैसा ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांमधून येतो: हर्निया, मोतीबिंदू, गुडघे. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये त्या थांबल्या. भाडं, कर्जाचे हप्ते, नर्सचे पगार मात्र चालूच राहिले. मे 2020 मध्ये राज्य सरकारने खाजगी दवाखान्यांतल्या 80 टक्के खाटांसाठी दर बांधून दिले: साध्या वॉर्डात दिवसाला 4,000 रुपये, आयसीयूत 7,500, व्हेंटिलेटरसह 9,000. पीपीई किट, सीटी स्कॅन, काही महागडी औषधं यांचे पैसे वेगळे. रुग्णांची लूट थांबवायला दर बांधणं गरजेचंच होतं. पण ऑक्सिजन आणि जादा मनुष्यबळाचा खर्च वाढला, तशी छोट्या दवाखान्यांची ओढाताण झाली.

खरी कोंडी उधारीची. समजा, 12 रुग्ण कॅशलेसवर आहेत, म्हणजे त्यांचं बिल विमा कंपनी थेट दवाखान्याला देणार आहे, आणि दर 4,000 आहे. रोजचं बिल 48,000 झालं. विमा कंपनीकडून पैसे यायला 60 दिवस लागले, तर 28 लाख 80 हजार रुपये कायम बाहेर अडकलेले. ऑक्सिजनवाला आणि औषधविक्रेता तेवढे दिवस थांबत नाहीत. खाटा भरलेल्या असूनही पगार थकतात ते असे. नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत हा प्रश्न वेगळा आहे. तिथे कायम कर्मचाऱ्यांचा पगार सरकारी अंदाजपत्रकातून येतो, रुग्ण कमी-जास्त झाल्याने तो अडत नाही.

आता मुलीच्या कामाकडे येऊ. क्लेम, म्हणजे विमा कंपनीकडे पाठवलेली पैशांची मागणी, अडकतो तो बहुतेक वेळा कागदांमुळे. डिस्चार्ज समरीतली दाखल होण्याची वेळ आणि बिलावरची वेळ जुळत नाही. आयसीयूचं भाडं लावलेलं असतं, पण त्या दिवसाचा मॉनिटरिंग चार्ट फाईलमध्ये नसतो. रुग्णाला वॉर्डातून आयसीयूत हलवलं, पण विमा कंपनीची वाढीव मंजुरीच घेतली नाही. पीपीई किटच्या रकमेवर विमा कंपन्यांनी त्या काळात बऱ्याच कपाती केल्या. विमा कंपनीच्या प्रत्येक क्वेरीत, म्हणजे शंकेत, आठवडे जातात. फाईल पाठवण्याआधी हे पकडणारी व्यक्ती दवाखान्याचे लाखो रुपये वेळेत आणते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत तर बहुतेकदा दिवसाचा दर नसतो, आजाराचं ठरलेल्या रकमेचं पॅकेज असतं. चुकीच्या पॅकेजवर मंजुरी मागितली, तर सगळंच काम पुन्हा करावं लागतं.

बी.कॉम.चं हे वर्ष तिने नीट पूर्ण करावं. सोबत एक्सेल आणि वैद्यकीय संज्ञा शिकाव्यात, आणि इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाची लायसेन्शिएट ही विम्याची पहिल्या पातळीची परीक्षा द्यावी. नंतर धंतोली किंवा रामदासपेठेतल्या एखाद्या मोठ्या दवाखान्यात टीपीए डेस्कवर, म्हणजे विमा कंपन्यांच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थांशी व्यवहार करणाऱ्या विभागात, निदान एक वर्ष काम करावं. सुरुवातीचा पगार कमीच असेल, त्यावर नाराज होऊ नये. मग हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी घ्यावी. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत ती आहे. बारावी किंवा पदवीनंतर लगेच लाखो रुपये भरून "हॉस्पिटल मॅनेजमेंट"चा कोर्स घेऊ नका. आधी तिथल्या माजी विद्यार्थ्यांशी बोला आणि इंटर्नशिप कोणत्या दवाखान्यात, किती महिने, ते लेखी मागा.

नोकरीच्या मुलाखतीत तिने एक प्रश्न जरूर विचारावा: "तुमचे क्लेमचे पैसे सरासरी किती दिवसांत येतात?" उत्तर पटकन मिळालं, तर त्या दवाखान्यात हिशेबाकडे लक्ष आहे. कुणालाच सांगता आलं नाही, तर तिथे काम भरपूर असेल, पण शिकवणारं कुणी नसेल. पहिल्या वर्षी तिला शिकवणारं माणूस हवं.