मोटरसायकलच्या बेंड पाइपसाठी कोणते सिरॅमिक कोटिंग घ्यावे?

एअर-कूल्ड, एक सिलिंडरच्या मोटरसायकलचा बेंड पाइप (इंजिनातून एक्झॉस्ट वायू बाहेर नेणारा वाकडा पाइप) गंजू नये आणि पायाला कमी झळ लागावी, यासाठी कोणते कोटिंग निवडावे, असे आपण विचारले आहे. रंगाला चकाकी देण्यासाठी गाडीच्या बॉडीवर लावतात ते सिरॅमिक कोटिंग येथे मुळीच उपयोगाचे नाही. भरधाव चालवताना एक्झॉस्ट वायूचे तापमान साधारण ६०० ते ८०० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. पाइपचा पृष्ठभाग त्याहून थंड असला, तरी सिलिंडर हेडजवळच्या भागासाठी सलग ९०० अंशांच्या आसपास टिकणारे कोटिंगच घ्यावे. चकचकीत चंदेरी फिनिश सहसा गडद मॅट फिनिशपेक्षा कमी तापमान सोसते, म्हणून मी मॅट काळेच सुचवीन.

खरा फरक मात्र पूर्वतयारीने पडतो. जुने क्रोम व गंज पूर्ण काढून, तेलाचा अंश जाळून, ॲल्युमिनियम ऑक्साइडने सँडब्लास्टिंग (बारीक कणांचा जोरदार मारा करून पृष्ठभाग साफ व खरखरीत करणे) केले नाही, किंवा त्यानंतर हातमोजे न घालता पाइप हाताळला, तर उत्तम कोटिंगही सुटते. त्यामुळे ब्रँडआधी ब्लास्टिंग कोण व कसे करणार, हे विचारावे. पातळ पाइप आतून गंजला असेल, तर कोटिंगवर खर्च न करता तो बदलावा.