समोर १२० मशीन असताना कोर्ससाठी कर्ज कशाला?

प्रश्न : मी बीसीए केलंय आणि सांगलीजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात लॅब असिस्टंट आहे. चार लॅब मिळून १२० पीसी आहेत. ऑनलाइन परीक्षा आली की पेन ड्राइव्ह घेऊन एकेका मशीनवर सॉफ्टवेअर टाकत फिरते. एका जागेवरून सगळ्या मशीनवर स्क्रिप्ट (लिहून ठेवलेल्या कमांडची फाइल) चालवता येते असं कळलं. त्यासाठी पाऊण लाखाचा डेव्हऑप्सचा, म्हणजे सॉफ्टवेअर बसवण्या-चालवण्याचं काम स्वयंचलित करण्याचा, कोर्स करू का? बाबा कर्ज काढायला तयार आहेत.

उत्तर : बाबांना सांग, कर्ज तूर्त राहू द्या. क्लासमध्ये सरावाला मिळतील दोन-चार मशीन. तुझ्यासमोर १२० आहेत, तीही रोज काही ना काही बिघडणारी.

विंडोजमध्ये पॉवरशेल, म्हणजे कमांड लिहून मशीनकडून काम करून घेण्याचं साधन, आहेच. दूरच्या मशीनवर कमांड चालवण्याची सोय त्यात २००९च्या दुसऱ्या आवृत्तीपासून आहे. मशीनची नावं एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहायची आणि ती यादी व आपली स्क्रिप्ट पॉवरशेलच्या ‘इन्व्होक-कमांड’ या कमांडला द्यायची. मुद्दाम बदललं नाही तर एका वेळी ३२ मशीनवर काम चालतं, बाकीची रांगेत. सर्व्हरवर ही सोय आधीपासून चालू असते, लॅबच्या साध्या विंडोजवर ती चालू करून घ्यावी लागते. लॅब डोमेनमध्ये असेल, म्हणजे सगळ्या मशीनचा कारभार एका सर्व्हरवरून चालत असेल, तर ग्रुप पॉलिसीने (तिथून सगळ्यांना एकदम लागू होणाऱ्या सेटिंगने) जागेवरून होईल. वर्कग्रुपवर, म्हणजे प्रत्येक मशीन स्वतंत्र असेल, तर पेन ड्राइव्हची आणखी एक फेरी चुकत नाही, काय करणार!

त्याआधी विभागप्रमुखांची परवानगी घे, तीही लेखी, ई-मेल पुरे. मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३मध्ये बसतं, आणि ‘मी तर कामच करत होते’ हे नंतर पटवत बसावं लागतं.

आता पहिल्या दिवशी काय होईल ते सांगते. सेटअप तू सर्व्हरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवशील आणि लॅबच्या मशीनना तिथून उचलायला लावशील. उत्तर येईल ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’. तू चक्रावशील, कारण त्या फोल्डरची परमिशन तुला आहे. तुला आहे; पण तू ज्या मशीनवर दुरून शिरलीस, त्या मशीनला तुझ्या नावाने पुढे तिसरीकडे जाता येत नाही. याला ‘डबल हॉप’ म्हणतात, आणि यात भलेभले अडकतात. साधा मार्ग म्हणजे सेटअप आधी प्रत्येक मशीनच्या डिस्कवर कॉपी करायचा आणि मग तिथूनच चालवायचा. एवढं करूनही स्क्रिप्ट ढिम्म हलणार नाही. सेटअप ‘नेक्स्ट’ दाबण्याची वाट बघत असतो आणि ती खिडकी कुणाच्याच स्क्रीनवर उघडलेली नसते. म्हणून कमांडला ‘सायलेंट इन्स्टॉल’चा, म्हणजे काही न विचारता बसवण्याचा, स्विच लावायचा. एमएसआय फाइलला (विंडोजचा ठरावीक प्रकारचा सेटअप) तो ठरलेला असतो, इतर सेटअपचा शोधून काढावा लागतो.

समज, ११३ मशीनवर झालं आणि ७ गप्प राहिल्या. पगार त्या सातांचा मिळतो. कुठली बंद होती, कुठे केबल निघाली होती, कुठे डिस्क भरली होती, याची यादी स्क्रिप्टनेच काढून दिली पाहिजे. पुन्हा चालवली तर आधी झालेल्या मशीनवर तिने काही बिघडवता कामा नये. इंटरव्ह्यूत मी असते तर हेच विचारलं असतं.

आणि एक भीती मनात असू दे. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीचं एक सदोष अपडेट एकाच वेळी जगभर गेलं आणि सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकल्या. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कंपनीने दीड तासाच्या आत ते मागे घेतलं, पण जी मशीन सुरूच होत नाही तिच्यावर दुरून काय चालवणार? कितीतरी ठिकाणी माणसांना एकेका मशीनपाशी जाऊन बसावं लागलं. तेव्हा आधी एक मशीन, मग एक रांग, मग एक लॅब. परीक्षेच्या आदल्या दिवशी काहीही नाही.

विंडोजवर हात बसला की लिनक्सकडे वळ. तिथे अ‍ॅन्सिबल आहे, अनेक मशीनवर एकदम काम करवणारं साधन, तेही फुकट. ज्या मशीनवर काम करायचं तिथे एसएसएच (दुरून सुरक्षितपणे शिरण्याची सोय) आणि पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा असली की भागतं. घरच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (एका संगणकात आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) दोन-तीन मशीन उभ्या करून शीक. पैसे खर्चायचेच असतील तर रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या आरएचसीएसए या सर्टिफिकेट परीक्षेवर खर्च कर, पुढे तिच्या वरची आरएचसीई. आरएचसीईचा भर अ‍ॅन्सिबलवरच आहे. दोन्हींत बहुपर्यायी प्रश्न नसतात, चालू मशीनवर काम करून दाखवावं लागतं.

रेझ्युमेत ‘पॉवरशेलचं ज्ञान’ असं मोघम लिहू नकोस. किती मशीन, कुठलं काम, आधी किती वेळ लागायचा आणि आता किती लागतो, ते लिही. त्यासाठी पुढच्या परीक्षेच्या वेळी पेन ड्राइव्हच्या फेऱ्यांना लागणारा वेळ आधी वहीत टिपून ठेव.