सगळी कर्जं एका कागदावर आणू नका

प्रश्न, थोडक्यात: आम्ही बडोद्याचे. मिस्टर सुदानमध्ये खार्टूमजवळ एका कारखान्यात फोरमन होते. मी आणि मुलगीही तिकडेच होतो. एप्रिल 2023 मध्ये लढाई पेटली आणि दोन बॅगा घेऊन परत आलो. तेव्हापासून घर उसनवारीवर चाललंय. मिस्टरांना आता मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत 24 हजारांची नोकरी आहे. ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात, सासूबाईंच्या नावावरचं दांडिया बझारचं घर गहाण ठेवा, एकच मोठं कर्ज काढा आणि सगळ्यांना एकदम मिटवून टाका. सासूबाई सही करायला तयार आहेत. करावं का? आणि युद्धामुळे यातलं काहीच माफ होत नाही का?

उत्तर:

ताई, सासूबाईंना सही करू देऊ नका. बाकीचं सावकाश वाचा, पण एवढं आज संध्याकाळीच घरात सांगा.

मुलाच्या कर्जाला आई बांधील नसते. त्या जामीन नाहीत, सहकर्जदार नाहीत. आज तुमच्या एकाही देणेकऱ्याला दांडिया बझारच्या घराकडे बोट दाखवता येत नाही. ती एक सही झाली की सगळी देणी, त्यातली मुळात मागता न येणारीसुद्धा, त्या घराच्या डोक्यावर बसतील. आणि 24 हजारांच्या पगारात तो नवा हप्ता कुठून निघणार?

युद्धाचं आधी सांगते. 15 एप्रिलला खार्टूममध्ये गोळीबार सुरू झाला. ऑपरेशन कावेरीत सरकारने 3,862 माणसं परत आणली. पोर्ट सुदानहून जेद्दा आणि तिथून भारत, हा रस्ता तुम्ही मुलीला कडेवर घेऊन केलात. हे सगळं खरं असूनही कर्ज माफ होत नाही. करार कायद्याचं कलम 56 म्हणतं, ठरलेलं काम करणंच अशक्य झालं तर करार संपतो. कमाई थांबली म्हणजे पैसे फेडणं अशक्य झालं, असं कोर्ट मानत नाही. तो आधार सोडून द्या.

तुम्ही कॅलेंडरच्या पानामागे केलेली यादी माझ्यासमोर आहे. प्रत्येक नावापुढे रक्कम, आणि समासात बारीक अक्षरात कोण किती वेळा फोन करतं ते. क्रेडिट कार्डवाले, ‘रोज’. व्याजाने पैसे देणारा, ‘दिवसाआड’. बँक, ‘एक रजिस्टर पत्र’. मोठे भाऊजी, ‘कधीच नाही’. या समासाकडे बघूनच तुम्ही आजवर पैसे वाटत आलात. जो जास्त ओरडतो त्याचा हक्क जास्त, असं नसतं. तुमच्या बाबतीत तर जवळजवळ उलटं आहे.

सगळ्यांत धोक्याचं ते रजिस्टर पत्र. तुमच्या मांजलपूरच्या फ्लॅटच्या कर्जाचे पाच हप्ते थकलेत आणि बँकेने सरफेसी कायद्याच्या, म्हणजे थकलेल्या कर्जासाठी तारण ताब्यात घ्यायच्या कायद्याच्या, कलम 13(2) खाली नोटीस दिली आहे. तिची मुदत 60 दिवस. त्यानंतर बँकेला ताबा घेण्यासाठी दिवाणी दावा लावावा लागत नाही. म्हणून मुदतीच्या आत लेखी हरकत द्या; आली की 15 दिवसांत तिला उत्तर देणं बँकेवर बंधनकारक आहे. त्या हरकतीत सुदानहून परतल्याची हकीकत, आताची पगारपावती आणि थकबाकी भरायची तारीख लिहा. पत्राची पोच घ्या, शिक्का मारलेली. नोटिशीत सगळं कर्ज एकरकमी मागितलेलं दिसतं, त्याने घाबरू नका. थकलेले हप्ते व्याजासकट पूर्ण भरले की खातं पुन्हा नियमित होऊ शकतं. शाखेत जाऊन नेमका तोच आकडा लेखी मागा. पाच हप्त्यांचे 56 हजार आणि वर काही, एवढाच प्रश्न आहे.

ते पैसे कुठून आणायचे? इथे मला तुमच्या पाटल्यांविषयी बोलावं लागतंय, आणि ते सोपं नाही हे मला कळतं. सोन्यावर तुम्ही 2023 मध्ये 2,60,000 उचललेत. तेव्हा 10 ग्रॅमचा भाव साठ हजारांच्या आसपास होता. 2025 मध्ये तो लाखाच्या वर गेला. तारणातलं 85 ग्रॅम सोनं आज तुमच्या कर्जाच्या दुपटीहून जास्त किमतीचं आहे. त्याचा लिलाव होऊ देणं म्हणजे स्वतःच्या हाताने नुकसान करून घेणं. लिलाव झालाच तर कर्ज वळतं करून उरलेली रक्कम कंपनीने तुम्हाला परत द्यायची असते. ती मागायचा हक्क कधी सोडू नका. पण त्याआधी पाटल्या स्वतः सोडवून विका, गोल्ड लोन फेडा, घराची थकबाकी भरा. तारणातलं मंगळसूत्र घरी आणा. फ्लॅट गेला तर परत उभा राहणार नाही. पाटल्या पुन्हा होतील.

आता व्याजवाला. 2 लाख, महिना पाच टक्के. चोवीस महिने दहा-दहा हजार दिलेत, म्हणजे 2,40,000 गेले आणि मुद्दल जसंच्या तसं उभं. गुजरातच्या 2011 च्या सावकारी कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय व्याजाचा धंदा करणं गुन्हा आहे. दामदुपटीचा जुना नियम, म्हणजे व्याज मुद्दलाच्या वर जाऊ शकत नाही, सासूबाईंनी ऐकलेला असेल, पण तो थकलेल्या व्याजापुरता. दिलेलं व्याज तो परत मिळवून देत नाही. खरी काळजी वेगळीच आहे. त्याच्याकडे तुमच्या खात्याचे, तुमच्या सहीचे दोन कोरे चेक आहेत. कोऱ्या चेकवर सही केली की पुढची रक्कम दुसऱ्याने भरली तरी कायदा आधी चेक देणाऱ्यालाच जबाबदार धरतो. सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये हे स्पष्ट केलंय. नुसतं पेमेंट थांबवूनही सुटका नाही.

म्हणून तो चेक टाकायच्या आत आपण बोलायचं. चोवीस वेळा फोनवरून पैसे पाठवलेत ना? त्याचं बँकेचं स्टेटमेंट काढा, प्रत्येक नोंदीखाली रेघ ओढा. वकिलामार्फत नोटीस द्या: चेक तारण म्हणून कोरे दिले होते, आजवर इतके भरले, चेक परत करा. 2022 मध्ये गुजरातमधल्याच एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की काही रक्कम फेडलेली असताना पूर्ण रकमेचा चेक वटवायला टाकला तर चेक न वटल्याचा (कलम 138 चा) गुन्हा होत नाही. तो म्हणेल, ते सगळं व्याज होतं. म्हणू दे, तसं म्हणताना त्याला स्वतःच्या व्याजाचा दर कोर्टात सांगावा लागेल. चेक परत गेल्याची नोटीस आलीच तर हातात 15 दिवस असतात. ती टेबलावर ठेवून देऊ नका. धमक्या आल्या तर पोलिसांत लेखी तक्रार करा.

क्रेडिट कार्डाचे 87 हजार शेवटी. त्याला तारण नाही. वसुलीवाल्यांनी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलेलं आहे. वेळ टिपून ठेवा. ‘पाचशे तरी भरा आणि इथे सही करा’ या आग्रहाला बळी पडू नका. सहीसकट भरलेल्या छोट्या रकमेने दावा लावायची तीन वर्षांची मुदत नव्याने सुरू होते. तडजोड करायची तर लोकअदालतीत करा. तिथला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो आणि त्यावर अपील नसतं, म्हणून झेपेल तोच आकडा कबूल करा.

खार्टूमचा घरमालक व्हॉट्सअॅपवर केसची धमकी देतो, त्याने झोप घालवू नका. सुदानच्या कोर्टाचा हुकूमनामा इथे थेट बजावता येत नाही; त्याला भारतात नव्याने दावा लावावा लागेल. पण खार्टूमहून निघतानाच्या बसचे 40 हजार ज्या सहकाऱ्याने रोख भरले, ते इथलंच देणं समजा. किराणावाल्याचे 11,400 या महिन्यातच द्या.

वकिलाची फी परवडणार नाही असं लिहिलंत. विधी सेवा कायद्याच्या कलम 12 प्रमाणे बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. न्यायमंदिराच्या जुन्या इमारतीत आता कोर्ट नाही. दिवाळीपुऱ्याच्या नव्या इमारतीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा 15100 वर फोन करा.

राहिले मोठे भाऊजी. त्यांनी 2 मे आणि 10 जून 2023 ला मिळून 1,80,000 मिस्टरांच्या खात्यात टाकले, कागद काही नाही. हातउसन्याची मुदत तीन वर्षं. पहिली रक्कम 2 मे 2026 नंतर मुदतबाह्य, आणि ते दावा लावणार नाहीत हे तुम्हाला आणि मला दोघींनाही माहीत आहे. कर्जदाराच्या वकिलाने इथे गप्प बसायचं असतं. पण तुम्हीच लिहिलंय, ‘कायद्याने सुटलो तरी त्यांचे बुडवायचे नाहीत, जाऊबाई गणपतीलासुद्धा आल्या नाहीत.’ मग मिस्टरांना साध्या कागदावर लिहायला सांगा: ‘दादा, तुझ्याकडून 1,80,000 घेतले, ते मला देणं आहे, दरमहा 3,000 देईन.’ खाली सही आणि तारीख, 2 मेच्या आतली. कागद पोस्टाने पाठवू नका. दोघं जाऊन जाऊबाईंच्या हातात द्या, पहिल्या तीन हजारांसकट.