ऑइल बदलल्यावर ड्रेन बोल्टपाशी थेंब दिसतोय, बोल्ट अजून किती आवळू?

आधी पाना खाली ठेवा.

तुम्ही विचारलंय की कारचं इंजिन ऑइल आणि फिल्टर पहिल्यांदाच घरी बदलला, दुसऱ्या दिवशी चेंबरच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) ड्रेन बोल्टपाशी, म्हणजे जुनं ऑइल काढायच्या बोल्टपाशी, ऑइलचा थेंब लोंबताना दिसला, तर बोल्ट अजून किती आवळायचा, आणि यापुढे ऑइल किती किलोमीटरला बदलायचं. दुसऱ्या प्रश्नाकडे शेवटी येतो. पहिल्याचं उत्तर सरळ आहे: आवळायचा नाही. निदान तो थेंब कुठून येतोय हे कळेपर्यंत तरी नाही.

‘गळतंय ना, मग अजून एक झटका दे’ या सल्ल्याशी माझं जुनं भांडण आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. ऑइल अडवायचं काम बोल्टचे आटे करत नाहीत. ते काम बोल्टच्या डोक्याखालचा वायसर, म्हणजे धातूची चपटी चकती, करतो. बोल्टने फक्त त्या वायसरला चेंबरच्या सपाट तोंडावर नीट दाबून धरायचं असतं. वायसर तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा, म्हणजे मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. पहिल्यांदा आवळताना तो चेपतो, दोन्ही बाजूंच्या बारीक ओरखड्यांत शिरतो आणि ऑइलची वाट बंद करतो. एकदा चेपला की तो कडक होतो. तोच परत लावला तर त्याच्यावरच्या जुन्या खुणा समोरच्या तोंडाशी जुळत नाहीत. मग थेंब येतो, माणूस थोडं जास्त आवळतो, थेंब थांबतो आणि आपलंच बरोबर होतं असं त्याला वाटतं. पुढच्या ऑइलला तोच वायसर अजून थोडा जास्त आवळावा लागतो. असं करत करत एक दिवस आटे जातात आणि खापर ‘हलक्या चेंबर’वर फुटतं. एका नव्या वायसरने हे सगळं टळलं असतं.

आटे चेंबरचेच जातात, बोल्टचे नाही. बोल्ट पोलादाचा असतो आणि बऱ्याच गाड्यांचं चेंबर ओतीव ॲल्युमिनियमचं. बहुतेक कारच्या ड्रेन बोल्टला 25 ते 40 न्यूटन-मीटर एवढाच टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, लागतो. नेमका आकडा तुमच्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. 35 न्यूटन-मीटर म्हणजे 20 सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण 18 किलोचा ओढा. त्याच पान्याला पाईप लावून लांबी 60 सेंटिमीटर केली आणि हाताने तेवढाच जोर दिला, तर बोल्टवर 105 न्यूटन-मीटर पडतात. हाताला फरक कळत नाही. कळतो तो आवळत आलेला बोल्ट एकाएकी मऊ फिरायला लागतो तेव्हा. मग तो बाहेर काढून पाहिला की आट्यांच्या खोबणीत एक रुपेरी, स्प्रिंगसारखी गुंडाळलेली तार दिसते. ती तार म्हणजे तुमच्या चेंबरचे आटे.

ती वेळ आलीच तर त्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. बोल्ट आट्यांवर सील होतच नाही, त्यामुळे टेपचा उपयोग शून्य. उलट तिचे तुकडे चेंबरमध्ये पडले तर ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. सिलिकॉनचंही तेच, आत पिळून आलेला भाग कधीतरी सुटतो. स्वतःचे आटे पाडत घुसणारा जाडा बोल्टही नको, ओतीव चेंबरला त्याने चीर जाऊ शकते. भोक मोठं करून, नवे आटे पाडून हेलिकॉइलसारखा इन्सर्ट (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवणं हा खरा इलाज, आणि तोही शक्यतो चेंबर खाली उतरवून, म्हणजे धातूचा कीस आत राहत नाही.

आता तुमचा थेंब. बोल्ट चेंबरच्या सगळ्यांत खालच्या भागात असतो, त्यामुळे वर कुठेही गळलं तरी थेंब येऊन लोंबतो तो बोल्टवरच. फिल्टर काढताना सांडलेलं ऑइल क्रॉस मेंबरवर (गाडीखालच्या आडव्या दांड्यावर) आणि खालच्या कव्हरमध्ये साठतं आणि पुढे दिवस-दोन दिवस ठिबकत राहतं. ती गळती नव्हे. म्हणून फिल्टरपासून बोल्टपर्यंतचा सगळा भाग ब्रेक क्लीनरने धुऊन, फडक्याने कोरडा करा. मग बोल्टभोवती आणि फिल्टरच्या तोंडाखाली टाल्कम पावडर भुरभुरा. इंजिन 10 मिनिटं चालवा, बंद करा, अर्ध्या तासाने टॉर्च घेऊन पाहा. पांढऱ्या पावडरवर ओला माग स्पष्ट उमटतो आणि तो जिथे सुरू होतो ती गळतीची जागा. माग बोल्टच्या डोक्यापासूनच निघत असेल तर टॉर्क रेंचने (जोर मोजणाऱ्या पान्याने) बोल्ट ठरलेल्या आकड्याला आहे का तेवढं पाहा. कमी असेल तर त्या आकड्यापर्यंत आणा, त्यापुढे नाही. आकडा बरोबर असूनही ओल येत असेल तर वायसर बदला. त्यासाठी ऑइल काढावं लागेल, पण ते कालच भरलेलं आहे. धुऊन पूर्ण कोरड्या केलेल्या भांड्यात धरा, झाकून ठेवा आणि तेच परत भरा. काढल्यावर चेंबरच्या तोंडावर जुना वायसर चिकटून राहिलाय का ते नखाने खरवडून पाहा. जुना वायसर इतका चपटा होतो की तो चेंबरचाच भाग वाटतो, आणि त्यावर नवा चढवला की हमखास गळतं.

फिल्टरच्या बाबतीत हीच चूक फार महागात पडते. डब्यासारखा फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग कधीकधी इंजिनाच्या तोंडालाच चिकटून राहते. काळ्या ऑइलमध्ये काळी रिंग दिसत नाही. तिच्यावर नवा फिल्टर बसवला की रबरावर रबर येतं. हाताला घट्ट लागतं, इंजिन सुरू केल्यावर पहिला मिनिटभर कदाचित कोरडंही राहतं. मग दाब वाढला की बाहेरची रिंग एका बाजूने सरकते आणि पंप सगळं ऑइल जमिनीवर ओततो. चेंबर रिकामं व्हायला मिनिट-दोन मिनिटं पुरतात, त्यानंतर बेअरिंग कोरडी फिरतात. म्हणून काढलेल्या फिल्टरवर रिंग आहे ना हे डोळ्यांनी पाहायचं, आणि इंजिनाच्या तोंडावरून बोट फिरवायचं. दोन्ही. तुम्ही हे पाहिलं नसेल तर बोल्टआधी फिल्टर तपासा. गाडी चालवण्याआधी.

नव्या फिल्टरच्या रिंगला बोटाने नव्या ऑइलचा हात फिरवा. कोरडं रबर आवळताना पिळवटतं आणि पुढच्या वेळी सुटत नाही. फिल्टर हाताने फिरवत न्या, रिंग टेकली की तिथून साधारण पाऊण फेरा, तोही हातानेच. काही फिल्टरवर वेगळा आकडा छापलेला असतो, मग तो पाळा. फिल्टरचा पाना काढण्यासाठी आहे, बसवण्यासाठी नाही. तोंड वर ठेवून बसणारा फिल्टर आधी भरून घ्यायचा असेल तर बाहेरच्या लहान भोकांतून भरा. ऑइल बाहेरून आत गाळलं जातं, त्यामुळे मधल्या मोठ्या भोकात ओतलेलं न गाळताच इंजिनात जातं. आडव्या फिल्टरला हा खटाटोप करू नका. कागदी कार्ट्रिजवाल्या, म्हणजे डब्याऐवजी झाकणाखाली नुसता कागदी फिल्टर असलेल्या, इंजिनात झाकणाची ओ-रिंग नवी घालायची आणि ती तिच्या स्वतःच्या खाचेत बसवायची, वरच्या आट्यांमध्ये नाही. अशा झाकणावर टॉर्क बहुतेकदा छापलेलाच असतो, बऱ्याचदा 25 न्यूटन-मीटर. झाकण प्लास्टिकचं असतं, जोर केला की तडकतं.

बाकीचं काम तुम्ही एकदा केलंय, त्यामुळे चुकतं तेवढंच सांगतो. इंजिन कोमट हवं, पाच-दहा मिनिटं चालवलेलं. लांबून आल्या आल्या ऑइल उकळत्या पाण्याइतकं तापलेलं असतं आणि बोल्ट सुटताना ते मनगटावरून खाली ओघळतं. शेवटचे आटे सुटताना बोल्ट आत दाबून धरत फिरवा आणि झटकन बाजूला घ्या. धार आधी लांब पडते, मग जवळ येत जाते, त्यामुळे घमेलं सरकवायची तयारी ठेवा. वरचं ऑइल भरायचं झाकण आधीच उघडलं तर धार सलग येते.

ऑटोमॅटिक गाडीत गिअरबॉक्सचाही ड्रेन बोल्ट जवळपास असतो आणि तो सोडणारे लोक कमी नाहीत. निघालेलं ऑइल लाल, हिरवट किंवा पारदर्शक दिसलं तर तिथेच थांबा. नाहीतर गिअरबॉक्स रिकामा आणि इंजिनात दुप्पट ऑइल अशी गाडी रस्त्यावर जाते.

भरताना मॅन्युअलमधला ‘फिल्टरसह’ आकडा पाहा. साडेतीन लिटर लिहिलं असेल तर आधी तीन लिटर ओता. इंजिन सुरू करा, ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. त्याआधी ॲक्सिलरेटर नाही, आणि दिवा विझलाच नाही तर लगेच बंद. मग पाच-दहा मिनिटं थांबून सपाट जागी डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) पाहा. बऱ्याच गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण एक लिटरचा फरक असतो, त्यामुळे शेवटचं पाव-पाव लिटर करत चढवा. वरच्या खुणेच्या जराशी खाली राहिलं तर बिघडत नाही. वर गेलेलं मात्र काढाच. क्रँकशाफ्ट त्यात आपटून फेस करते, आणि फेसाळलेलं ऑइल दाब धरत नाही.

ग्रेड मॅन्युअलमधली. 0डब्ल्यू-20 सांगितलेल्या इंजिनात ‘जाडं ऑइल बरं’ म्हणून 20डब्ल्यू-50 ओतणाऱ्यांचं ऐकू नका. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, नंतरचा 100 अंश सेल्सिअसला किती दाट राहतं ते. बेअरिंगमधल्या फटी, ऑइल पंप, व्हॉल्व्हचं टायमिंग हे सगळं त्या दाटपणावर बेतलेलं असतं. ग्रेडइतकंच डब्यावरचं मानांकन महत्त्वाचं. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या डिझेलला कमी राखेचं, म्हणजे एसीईए या युरोपीय मानांकनातल्या सी2 किंवा सी3 सारखं, जे मॅन्युअल म्हणेल ते. टर्बो पेट्रोलला एपीआय एसपी हे 2020 मध्ये आलेलं अमेरिकन मानांकन बघा. कमी वेगावर सिलिंडरमधल्या इंधनाने अवेळी पेट घेणं आणि टायमिंग चेनची झीज, या दोन्हींसाठी त्यात चाचण्या आहेत. काही इंजिनांत टायमिंग बेल्ट ऑइलमध्येच फिरतो. तिथे चुकीच्या ऑइलने बेल्ट फुगतो, त्याचे कण जाळीत अडकतात. अशा गाडीत ‘जवळपास तसंच’ ऑइल चालत नाही.

किती किलोमीटरला? मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि महिने असे दोन आकडे असतात, जो आधी येईल तो. रोज चार-पाच किलोमीटरच जाऊन बंद होणारी गाडी, सततची धूळ, घाटात भरलेली गाडी, यांना त्याच पुस्तकात ‘कठीण वापर’ म्हणून वेगळा, कमी आकडा दिलेला असतो. बहुतेकांना तोच लागू होतो आणि बहुतेक जण तो वाचत नाहीत. छोट्या फेऱ्यांत ऑइल पुरेसं तापत नाही, त्यातलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही. वरच्या झाकणाखाली पिवळट साय जमलेली दिसली तर बहुधा हेच कारण. पण कूलंटही कमी होत असेल तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील) तपासून घ्या. रंगावरून मात्र ठरवू नका. ऑइल काळं होतं कारण ते काजळी धरून ठेवतं, तेच त्याचं काम. डिझेलचं ऑइल तर बदलल्यावर लगेचच काळं दिसायला लागतं.

हे सुरुवातीलाच लिहायला हवं होतं: बोल्ट तपासायला खाली जाताना गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नका. टणक, सपाट जमीन, हँडब्रेक, मागच्या चाकांना अडण्या, स्टँड योग्य जागी, आणि आत सरकण्याआधी गाडीला एकदा जोराने ढकलून पाहायचं. रॅम्प असतील तर उत्तम. वर सांगितलेले टॉर्कचे आकडे सर्वसाधारण आहेत. बोल्टलाच रबरी रिंग असेल किंवा बोल्ट प्लास्टिकचा असेल तर वायसरचं वरचं सगळं सोडून द्या आणि फक्त तुमच्या इंजिनाचा आकडा पाळा. हातात नायट्राईलचे हातमोजे घाला, वापरलेलं ऑइल कातडीवर राहू देऊ नये. जुनं ऑइल त्याच रिकाम्या डब्यात भरून जिथे पुनर्वापरासाठी घेतात तिथे द्या, गटारात किंवा मातीत नको. जुना फिल्टर तोंड खाली करून रात्रभर निथळत ठेवा, त्यातूनही पाव लिटरभर निघू शकतं.

गाडी वॉरंटीत असेल तर आधी अटी वाचा, आणि ऑइल-फिल्टरची बिलं जपून ठेवा. नव्या फिल्टरवर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहा. आणि पुढच्या वेळी फिल्टर घेताना त्याच पिशवीत दोन वायसर टाका. एक हरवतोच.