बेस ऐक, मग अल्बम उघडेल

प्रश्न : दादा, २०२३ ला महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापालूझा झालं तेव्हा कळलं की हा फेस्टिवल मुळात जेन्स अॅडिक्शन या अमेरिकन रॉक बँडच्या गायकाने, पेरी फॅरेलने, १९९१ मध्ये सुरू केला, म्हणून त्यांचा 'नथिंग्ज शॉकिंग' लावला. 'जेन सेज' लगेच आवडलं, पण बाकी अल्बम मला धड मेटल वाटेना धड पंक. लोक एवढा भारी का म्हणतात? – एक वाचक, नाशिक

उत्तर : अरे, धड हे नाही धड ते नाही हे तू बरोबर पकडलंस, आणि मला तो त्याचसाठी आवडतो. अल्बम आला ऑगस्ट १९८८ मध्ये, लॉस एंजेलिसमधून, जिथे तेव्हा केस फुगवलेल्या ग्लॅम मेटल बँड्सची चलती होती, आणि निर्वाणा बँडचा 'नेव्हरमाइंड', ज्याने असं वेगळं रॉक घराघरात पोचवलं, तो यायला अजून तीन वर्षं होती.

एक काम कर, हेडफोन लाव आणि गिटार विसरून फक्त एरिक एव्हरीचा बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, ऐक. हार्ड रॉकमध्ये बेस बहुतेक वेळा गिटारच्या मागेमागे चालतो, इथे उलटं आहे. 'माउंटन साँग'मध्ये तो जड रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा तुकडा, बेसच घेऊन येतो आणि धरून ठेवतो, त्यामुळे डेव्ह नवारोची गिटार वर हवी तशी भटकायला मोकळी. 'समरटाइम रोल्स' तर सुरूच बेसवर होतं, मोजकेच सूर, आणि मग सगळं इतकं सावकाश फुलत जातं की मला अजून हातातलं काम बाजूला ठेवावं लागतं. एवढं करून कमाईच्या वाटणीत फॅरेलला शब्दांचे अर्धे आणि उरलेल्या अर्ध्यातला चौथा हिस्सा, म्हणजे साडेबासष्ट टक्के, आणि एव्हरीसकट बाकी तिघांना साडेबारा-साडेबारा. मला हे आजही पटत नाही, कारण या गाण्यांचा पाया त्या बेसने घातलाय.

'टेड, जस्ट अॅडमिट इट' मात्र एकटा असताना ऐक. सात मिनिटांच्या वर आहे, त्यात खुनी टेड बंडीचा खरा आवाज वापरलाय, आणि गाणं आहे टीव्हीवर रोज हिंसा बघून बघून आपल्याला कशाचंच काही वाटेनासं होतं त्यावर. अल्बमचं नावही त्यातूनच आलंय. आणि कव्हर, डोकी पेटलेल्या दोन नग्न जुळ्या बायकांचं फॅरेलनेच केलेलं शिल्प, ते बघून कित्येक मोठ्या दुकानांनी अल्बम ठेवायलाच नकार दिला. ग्रॅमीला नॉमिनेशन मिळालं, पुरस्कार जेथ्रो टल या बँडला गेला, ते सोड.

'जेन सेज'मध्ये जवळजवळ सगळं गाणं दोनच कॉर्ड्सवर आहे, आणि तो जो उन्हासारखा टणत्कार वाजतो ना, तो ड्रमर स्टीफन पर्किन्सचा स्टील ड्रम. १९८७ च्या त्यांच्या लाइव्ह अल्बमवर हेच गाणं त्याच्याशिवाय आहे, ते आधी ऐक आणि मग लगेच हे लाव.